वाचकांचे प्रश्न : पोर्तुगालचा कायदा बदलला, गोव्याचा का नाही?

प्रश्न : आम्ही दोघी नऊ वर्षं फोंड्यात एकत्र राहतो. गोव्यात पोर्तुगीज कायदा चालतो, आणि पोर्तुगालमध्ये 2010 पासून समलिंगी विवाह होतात. मग सिव्हिल रजिस्ट्रारकडे आमची 'पहिली सही' (विवाहनोंदणीचा पहिला टप्पा) का होऊ शकत नाही? पर्वरीला, उच्च न्यायालयात जावं का?

उत्तर : गोव्यात चालतो तो पोर्तुगालचा आजचा कायदा नव्हे. मुक्तीच्या वेळी जे कायदे लागू होते तेवढेच 1962 च्या प्रशासन कायद्याने पुढे चालू ठेवले. त्यानंतर लिस्बनमध्ये झालेले बदल इथे येत नाहीत. 1966 ची त्यांची नवी नागरी संहितासुद्धा आली नाही. इथली संहिता आता भारतीय कायदाच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये एका गोमंतकीय वारसा खटल्यात सांगितलं आहे. विवाहाचा कायदा आहे 25 डिसेंबर 1910 चा. विवाह म्हणजे भिन्न लिंगाच्या दोन व्यक्तींमधला करार, असं त्याचं पहिलंच कलम म्हणतं. तुमचं घोडं तिथे अडतं.

समलिंगी विवाहावरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात मुख्य वाद स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टचा, म्हणजे नोंदणी विवाहाच्या केंद्रीय कायद्याचा होता. पण विवाह हा मूलभूत हक्क नाही, हे पाचही न्यायमूर्तींनी एकमताने म्हटलं. नागरी सहजीवनाला (विवाहाऐवजी कायद्याने मानलेल्या जोडीदारीला) मान्यता द्यावी असं दोघांचं मत होतं, तिघांनी ते नाकारलं. 9 जानेवारी 2025 ला पुनर्विलोकन याचिकाही फेटाळल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल देशातल्या सर्व न्यायालयांना बांधतो असं संविधानाचं कलम 141 सांगतं, त्यामुळे हा निकाल पर्वरीच्या खंडपीठालाही बांधतो. आज थेट विवाहनोंदणी मागितली तर विरोधी आदेशाचा धोका मोठा, आणि तो आदेश उद्या दुसऱ्या जोडप्यांनाही आडवा येईल.

तरीही जायचंच असेल तर आधी रीतसर लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि नकार लेखी मागा. काउंटरवरच्या तोंडी 'होत नाही'वर याचिका उभी राहणं कठीण, कारण आव्हान द्यायला आदेशच हातात नसतो.

विवाहाऐवजी प्राप्तिकर कायद्यातल्या एका कलमापुरती लढाई आम्हाला जास्त आशादायक वाटते. नातेवाईक नसलेल्याकडून वर्षात 50 हजारांहून जास्त रक्कम भेट मिळाली तर ती सगळी करपात्र ठरते. पती-पत्नीला मात्र सूट आहे. या भेदाला एका समलिंगी जोडप्याने 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं आणि न्यायालयाने अ‍ॅटर्नी जनरलना नोटीस काढली. पर्वरीचं खंडपीठ त्याच न्यायालयाचं, म्हणून या प्रकरणावर लक्ष ठेवा.

प्रश्न : फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्यामागे तो जोडीदारणीला मिळेल का?

उत्तर : मृत्युपत्र नसेल तर नाही. विवाहाआधी वेगळा करार केला नसेल तर गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, निम्मी आपसूक दुसऱ्याची. तुम्हाला हे दार बंद आहे, त्यामुळे विवाह नाकारल्याची किंमत इथे इतर राज्यांपेक्षा जास्त मोजावी लागते.

2012 च्या गोवा वारसा कायद्यानुसार मुलं, किंवा मुलं नसतील तर आईवडील हयात असतील, तर निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव. मृत्युपत्राने तुम्ही फक्त उरलेली निम्मी देऊ शकता. बक्षीसपत्र करून ही मर्यादा चुकवता येईल असं अनेकांना वाटतं. नाही येत: राखीव हिस्सा मोजताना दिलेल्या भेटीही धरतात, आणि वारस त्या कमी करून मागू शकतात. घर घेतानाच खरेदीखतात दोघींची नावं आणि हिस्से लिहिणं, पैसेही ज्याच्या त्याच्या खात्यातून देणं, हा सर्वांत भक्कम उपाय. मृत्युपत्र घरी कागदावर लिहून ठेवू नका. विशेष नोटरीपुढे (त्याच 2012 च्या कायद्याखाली मृत्युपत्रं करून देणाऱ्या अधिकाऱ्यापुढे), साक्षीदारांसह करा.

बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकींना नॉमिनी करायला समलिंगी जोडप्यांना आडकाठी नाही, असं केंद्र सरकारने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलं. मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे घेतो, हक्क वारसांचा राहतो. मृत्युपत्रात खात्यांचाही उल्लेख हवाच.

प्रश्न : मी ट्रान्स पुरुष आहे (जन्मताना नोंद मुलगी अशी झाली, पण मी पुरुष आहे), जोडीदार स्त्री आहे. आम्हालाही बंदी?

उत्तर : नाही. त्याच 2023 च्या निकालात भिन्नलिंगी नात्यातल्या ट्रान्स व्यक्तींचा प्रचलित कायद्यांखाली विवाहाचा हक्क मान्य झाला आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडून 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्क संरक्षण) कायद्याखाली ओळख प्रमाणपत्र घ्या. पहिल्या प्रमाणपत्रावर 'ट्रान्सजेंडर' लिहिलेलं असतं. 'पुरुष' अशी नोंद शस्त्रक्रियेनंतरच्या सुधारित प्रमाणपत्रात होते. आधार आणि जन्मदाखल्यावरचं नाव जुळवून मगच पहिल्या सहीला जा.