रिस्टोअर केलेल्या जुन्या ड्रमसेटची किंमत काय धरावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: संग्रह कमी करायचाय. त्यात १९६६च्या सुमाराचा ल्युडविग कंपनीचा एक सुपर क्लासिक सेट आहे, बास २२, रॅक टॉम १३, फ्लोअर टॉम १६ इंच, रंग शॅम्पेन स्पार्कल. फ्लोअर टॉमवर नवीन रॅप (ड्रमच्या लाकडी अंगावरचं, म्हणजे शेलवरचं, रंगीत प्लास्टिकचं आवरण) चढवलंय, तिन्ही ड्रमच्या बेअरिंग एज (शेलची कड, जिच्यावर हेड म्हणजे वाजवायचा पडदा टेकतो) नव्याने कापून घेतल्यात, दोन हूप (हेड दाबून धरणारी कडी) बदललेत. या सगळ्यावर बराच खर्च झालाय आणि तो किमतीत धरायचा का, हे तुम्हाला हवंय.

तो खर्च किमतीत धरू नका. जुन्या ड्रममध्ये पैसे मिळतात ते कारखान्यातून आलेलं जे शिल्लक आहे त्याचे. दुरुस्तीची पावती कितीही मोठी असली तरी घेणारा तिचे वेगळे पैसे देत नाही. उलट कापलेली एज किंवा काढून टाकलेलं रॅप परत आणता येत नाही, म्हणून संग्राहक तिथे किंमत कमीच करतो. दुरुस्तीचा फायदा एवढाच की सेट आज बसून वाजवता येतो. तो फायदा खरा आहे, पण त्याला पैसे देणारा माणूस संग्राहक नसतो, वाजवणारा असतो. तुमचा ग्राहक तोच, हे एकदा मान्य केलं की आकडा काढणं सोपं जातं.

आकड्याआधी सेट नेमका काय आहे ते पक्कं करा. कीस्टोन बॅज (शेलवरची कंपनीच्या नावाची पट्टी) म्हणजे १९६०चं दशक. निळा-ऑलिव्ह बॅज १९६९-७०च्या पुढचा. बॅजवर क्रमांक यायला लागले ते १९६३-६४पासून, पण बॅज क्रमाने लावले जात नसत. त्यामुळे क्रमांकावरून वर्ष अंदाजेच सांगता येतं. शेलच्या आत लाल शाईचा तारखेचा शिक्का असेल तर त्याचं वजन जास्त. तीन ड्रमच्या शिक्क्यांत काही महिन्यांचा फरक असला तर घाबरू नका, शेल साठ्यातून उचलले जायचे. दोन-तीन वर्षांचा फरक असेल तर मात्र सेट नंतर जुळवलेला असण्याची शक्यता मोठी, आणि ते जाहिरातीत सांगावं लागेल.

आतला रंगही बघा. त्या काळात शेल आतून करड्या बुट्टीदार रंगाने रंगवलेले असत, १९६८च्या सुमाराला ते पारदर्शक फिनिशवर आले. तुमच्या सेटमध्ये दोन ड्रम बुट्टीदार आणि एक आतून साध्या लाकडाचा असेल, तर तो एक नंतर आलेला आहे किंवा कोणीतरी आतून घासलाय. दोन्हींनी किंमत उतरते.

मूळ रॅप ओळखायच्या दोन खुणा आहेत. एक, त्या काळी कारखान्यात रॅपचं टोक शेलच्या जोडात खोचलेलं असे. नंतर चढवलेल्या रॅपला साधारणपणे एकावर एक येणारी शिवण दिसते. दुसरी, एखादा लग (हेड ताणणारे बोल्ट ज्यात बसतात तो शेलवरचा धातूचा भाग) सोडवून खालचा रंग बघा. स्पार्कल रॅप वर्षानुवर्षं उजेडात पिवळटतं. निळा स्पार्कल हिरवट दिसायला लागतो तो त्यामुळेच. लगखाली मात्र जुना उजळ रंग तसाच राहतो, आणि त्या ठशाचा फोटो मूळ रॅपचा सगळ्यात चांगला पुरावा ठरतो. बास आणि रॅक टॉमचे असे फोटो काढून ठेवा. मात्र त्यासाठी बॅज काढू नका. तो रिव्हेट दाबून बसवलेला असतो आणि पुन्हा बसवलेला बॅज जाणकाराला लगेच कळतो.

आता किंमत. ‘मागणी’ आणि ‘विक्री’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणी किती मागतंय ते बाजूला ठेवा, फक्त झालेल्या विक्रीचे आकडे घ्या. गेल्या वर्षभरातल्या त्याच मापाच्या, त्याच रंगगटातल्या, मूळ अवस्थेतल्या ५-६ विक्री शोधा. सगळ्यात वरचा आणि खालचा सोडून मधला आकडा धरा. मापं अगदी तीच हवीत. ल्युडविगच्याच २०-१२-१४ च्या डाउनबीट सेटला छोट्या मापामुळे वेगळा भाव मिळतो, आणि ब्लॅक ऑयस्टर पर्ल रंगाला तर बीटल्सच्या रिंगो स्टारमुळे वेगळाच. त्या विक्रीवरून शॅम्पेन स्पार्कल २२-१३-१६ चा भाव काढलात तर सेट महिनोन्महिने पडून राहील.

तो मधला आकडा १०० धरा. मी तो ड्रमवार असा वाटतो: बासला ४०, फ्लोअर टॉमला ३५, रॅक टॉमला २५. फ्लोअर टॉमला मापाच्या मानाने जास्त, कारण सुटा फ्लोअर टॉम शोधणारे लोक बरेच असतात. नवीन रॅप चढलेल्या ड्रमची किंमत मी निम्मी करतो, म्हणजे ३५चे १७.५. बेरीज झाली ८२.५. एज नीट, सगळीकडे एकसारख्या कापल्या असतील तर राहिलेल्या रकमेतून साधारण १२ टक्के कमी, म्हणजे ७२-७३. दोन हूप मूळ नाहीत, त्याचे ४-५. तुमचा सेट येतो ६८च्या आसपास. नवीन हेड्सचे शून्य धरा. ती वाजवून झिजणारी वस्तू आहे, प्रत्येकजण आपल्या आवडीची लावतो.

जाहिरातीत ७४-७५ मागा, मनात ६२-६३ची खालची मर्यादा ठेवा. समजा विक्रीचं कमिशन ८ टक्के आणि पैसे जमा होण्याचं शुल्क ३ टक्के असेल, तर ६८ला विकून हातात साठ-साडेसाठच येतात, आणि त्यातून पॅकिंगचं सामान वजा होतं. खालची मर्यादा ठरवताना हेच हातातले पैसे बघा.

एजबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण वाद तिथेच होतात. त्या काळच्या ल्युडविगच्या कडा गोलसर होत्या आणि शेलला आतून रीइन्फोर्समेंट रिंग होती. त्या आवाजातला ऊबदार, थोडा दबलेला सूर बऱ्याच अंशी या दोन गोष्टींतून येतो. नवीन कडा धारदार ४५ अंशांच्या कापल्या असतील तर आवाज उघडा आणि लांब रेंगाळणारा होतो. काहींना तो आवडतो, पण तो त्या काळचा आवाज नव्हे, म्हणून वजावट १२ ऐवजी १५-१८ टक्के धरा. मूळच्याच गोलाईत कापल्या असतील तर १० पुरे. कापलेली कड ओळखू येते: आतला बुट्टीदार रंग कडेजवळ एका सरळ रेषेत संपतो आणि पुढे स्वच्छ लाकूड दिसतं.

काम चांगलं झालंय का, हे विकण्याआधी स्वतः तपासा. हेड काढा, शेल पूर्ण सपाट ग्रॅनाइटच्या किंवा काचेच्या फरशीवर ठेवा, आत टॉर्च लावा, खोलीतला दिवा बंद करा. कडेखालून उजेड येतोय ती जागा पेन्सिलने खूण करा. मग शेलचा व्यास चार दिशांना मोजा. २-३ मिलिमीटरचा फरक जुन्या शेलला चालतो. त्याहून जास्त असेल तर हेड एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला सैल बसतं, ड्रम सुरात येत नाही, आणि घेणारा परत पाठवतो. शेल खरोखर वेडावाकडा असेल तर तो ड्रम वेगळा धरा आणि तसं लिहून विका.

जादा भोकांची नोंद तुमच्या प्रश्नात नाही, तरी बास ड्रमवर नीट बघा. नंतर कोणीतरी जाड टॉम होल्डर बसवलेला असतो आणि भोकं बुजवून रॅपच्या रंगाचा ठिपका दिलेला असतो. बाहेरून दिसत नाही, आतून बुच दिसतं. अशी भोकं असतील तर बासच्या ४०मधून चौथा हिस्सा काढा. मूळ रेल होल्डर (रॅक टॉम धरणारा), सिंबल होल्डर आणि स्पर्स (बासचे आधाराचे पाय) जागेवर आहेत का तेही पाहा. त्यांचे सुटे भाग शोधायला वेळ लागतो, म्हणून ते असले तर जाहिरातीत नावानिशी लिहा.

क्रोमचं एक सांगायला हवं. लग झिंकच्या ओतीव धातूचे असतात आणि त्यांना पडलेले बारीक खड्डे पुन्हा प्लेटिंग करून सहसा जात नाहीत, उलट ठळक दिसतात. विकण्याआधी पॉलिश करायच्या मोहात पडू नका. ओलसर मऊ कापड, थेंबभर सौम्य साबण, आणि लगेच कोरडं पुसणं, एवढंच करा. रॅपवर थिनर, ॲसिटोन किंवा स्पिरिट अजिबात नको. ते वरचा थर मऊ करून कायमचा धुरकट करतं. मात्र लग उघडलेत तर आतल्या स्प्रिंगभोवती फेल्टचा तुकडा आहे का पाहा. नसला तर स्प्रिंग खणखणते, आणि तो आवाज ऐकून घेणारा शेलला तडा गेला असं समजतो.

स्नेअर तुम्ही सांगितला नाहीत. त्याच रॅपचा, त्याच काळाचा लाकडी स्नेअर असेल तर तो सेटबरोबरच जाऊ द्या, कारण जुळलेल्या स्नेअरने सगळ्या सेटचा भाव वर जातो. ल्युडविगचा सुप्राफोनिक ४०० हा क्रोम चढवलेला धातूचा स्नेअर असेल तर वेगळा विका. त्याला स्वतःचा ग्राहक आहे आणि सेटमध्ये तो स्वस्तात जातो. ॲल्युमिनियमच्या शेलवर क्रोम नीट धरत नाही, त्यामुळे फोड आणि पोपडे येतात. त्यांचे जवळून फोटो द्या. मूळ कंपनीची जुनी हेड्स, विशेषतः नावाचं पुढचं बास हेड, फाटलेलं असलं तरी टाकू नका. बरोबर दिलंत तर सेट मूळ असल्याचा भरवसा वाढतो.

जाहिरातीत ‘पूर्ण रिस्टोअर केलेला’ असं मोघम लिहू नका. या शब्दांनी संग्राहक लांब जातो आणि वाजवणाऱ्याला काहीच कळत नाही. असं लिहा: ‘बास आणि रॅक टॉमवर मूळ रॅप. फ्लोअर टॉमवर नवीन रॅप, रंगात किंचित फरक. तिन्हींच्या कडा नव्याने कापलेल्या, ४५ अंश. रॅक टॉमचे दोन्ही हूप बदललेले. शेलवर जादा भोकं नाहीत.’ फोटो किमान २५: प्रत्येक शेलचं आतलं अंग, चारही बाजू, शिवण, बॅज, शिक्का, सगळ्या कडा, आणि बास-फ्लोअर एकाच उजेडात शेजारी ठेवून. रंगातला फरक लपवलात तर खोकं उघडताच तो दिसणारच आहे.

बाकी संग्रहाचं म्हणाल तर मी आधी असे दुरुस्त केलेले सेट विकेन आणि हात न लागलेले शेवटी ठेवेन, कारण तसे पुन्हा मिळणं दुर्मिळ. एकाच प्रकारचे दोन सेट एकाच वेळी बाजारात आणू नका, ते एकमेकांचाच भाव पाडतात. मध्ये दोन-तीन महिने जाऊ द्या. सगळा संग्रह एकगठ्ठा व्यापाऱ्याला द्यायचा असेल तर विक्रीभावाच्या ५०-६० टक्के मिळाले तरी तो रास्त सौदा समजा. त्याला जागा, वेळ आणि परतावा सांभाळायचा असतो. दुसऱ्या बनावटींचे सेट असतील तर त्यांच्या अडचणी वेगळ्या. प्रीमियरच्या १९६८च्या आधीच्या टॉमना आजची हेड्स बसत नाहीत, त्यामुळे घेणाऱ्यांची संख्या कमी होते. रॉजर्सचे १९६०च्या सुरुवातीचे पातळ पत्र्याचे लग तडकतात, एकेक बोट फिरवून बघा. ग्रेचच्या गोल बॅजवाल्या (राउंड बॅज) ड्रमचा आतला चंदेरी रंग घासलेला असेल तर मोठी वजावट. स्लिंगरलँड रेडिओ किंगचा स्नेअर एकाच फळीचा वाकवलेला असतो, त्याचा जोड उघडलाय का ते नखाने चाचपा.

सुटे भाग करून विकले तर कधी बेरीज जास्त येते, हे खरं आहे. लग, हूप, रेल होल्डर, बॅज यांचे सुटे भाव मिळवून ती बेरीज करून ठेवा आणि कोणी फार खाली मागितलं तर नकार द्यायला वापरा. पण सेट मोडू नका. साठ वर्षं एकत्र राहिलेले तीन ड्रम एकदा तीन गावांना गेले की परत एकत्र येत नाहीत. फ्लोअर टॉमचा शेल निकामी असेल तरच त्याचे भाग सोडवा.

पाठवायचं झालं तर तिन्ही ड्रम एकात एक घालू नका. १६ इंच खोल फ्लोअर टॉम १४ इंच खोल बासमधून वर येतोच, शिवाय बासच्या आत निघालेले बोल्ट त्याचं रॅप खरवडतात. तीन वेगळी खोकी, प्रत्येक बाजूला किमान २ इंच फोम, हेड आणि हूप लावलेलेच पण टेन्शन अर्ध्यावर उतरवलेलं, म्हणजे कड सुरक्षित राहते. रेल, स्पर्स आणि पाय काढून चौथ्या छोट्या खोक्यात. बासचे लाकडी हूप रॅपच्या पट्टीसह आधी बबलमध्ये गुंडाळा, कारण धक्का पहिला त्यांनाच लागतो.