रेणूचा आकार : आधी इलेक्ट्रॉन मोजा

अकरावीत रासायनिक बंधांचा धडा सुरू झाला की लातूर, नांदेड, परभणी, बीड अशा सगळीकडून माझ्याकडे जी पत्रे येतात, त्यांत गाव आणि अक्षर तेवढे निराळे असते, घोटाळा मात्र वर्षानुवर्षे तोच. रेणूंचे आकार हा पाढ्यांसारखा पाठ करायचा तक्ता आहे, अशी समजूत कोणीतरी करून दिलेली असते आणि तक्त्याबाहेरचा एखादा रेणू समोर आला की विद्यार्थी अडतो. या खेपेच्या काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

पाण्याच्या आणि कार्बन डायऑक्साइडच्या रेणूत मध्ये एक व कडेला दोन असेच अणू आहेत. मग पहिला वाकडा आणि दुसरा सरळ का? (विद्यार्थिनी, उदगीर)

मधल्या अणूपाशी काय शिल्लक राहिले, हे पाहायचे राहून गेल्यामुळे हा प्रश्न पडला आहे. ऑक्सिजनच्या बाह्यतम कवचात ६ इलेक्ट्रॉन असतात. त्यांपैकी दोन, दोन हायड्रोजनांशी बंध जुळवण्यात खर्ची पडतात आणि ४ उरतात, म्हणजेच कोणाशीही न बांधलेल्या दोन जोड्या, ज्यांना वर्गात लोन पेअर म्हणतात. बंधांच्या दोन आणि या दोन, अशा चारही जोड्या ऋण प्रभाराच्या असल्यामुळे एकमेकींपासून जमेल तितक्या दूर राहतात, आणि चौघींना ते चतुष्फलकाच्या, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या, चार कोपऱ्यांकडे तोंड करूनच साधते. त्यातही लोन पेअरवर एकाच केंद्रकाची ओढ असल्याने ती ऐसपैस पसरते आणि शेजारच्या बंधांना रेटते, म्हणून चतुष्फलकातला १०९.५ अंशांचा कोन आवळून १०४.५ अंशांवर येतो. कार्बनचे मात्र चारही इलेक्ट्रॉन दोन दुहेरी बंधांत संपतात, मागे काही उरत नाही, आणि आकार काढताना दुहेरी बंध ही एकच दिशा धरायची असते. दोनच दिशा असतील तर त्या १८० अंशांवर, समोरासमोर जाणार.

मिथेनचा कोन १०९ अंश २८ मिनिटे लिहावा की १०९.५ अंश? (जिंतूर)

दोन्ही एकच आहेत, कारण २८ मिनिटे म्हणजे जवळजवळ अर्धा अंश.

अमोनिया चतुष्फलकी की पिरॅमिडसारखा? दोन मार्गदर्शक पुस्तकांत दोन उत्तरे आहेत. (हिंगोली)

तीन बंध आणि एक लोन पेअर मिळून जोड्यांची मांडणी चतुष्फलकी, रेणूचा आकार त्रिकोणी पिरॅमिडचा, कोन सुमारे १०७ अंश. आकार काढताना सगळ्या जोड्या मोजायच्या आणि नाव देताना फक्त अणू पाहायचे. ती दोन्ही पुस्तके बाजूला ठेवून आधी मंडळाचे पाठ्यपुस्तक वाचावे, हे बरे.

आमच्या क्लासमध्ये एक सूत्र दिले आहे. मधल्या अणूच्या संयुजा (बाह्यतम कवचातल्या) इलेक्ट्रॉनांत एकसंयुजी, म्हणजे एकच बंध करणाऱ्या, अणूंची संख्या मिळवायची, धन प्रभार वजा करायचा, ऋण प्रभार मिळवायचा आणि निम्मे करायचे. उत्तर ४ आले की चतुष्फलक. यामुळे दहा सेकंदांत आकार निघतो, तर इलेक्ट्रॉन दाखवणारी ठिपक्यांची आकृती काढत बसण्याची गरज काय? (विद्यार्थी, लातूर)

सूत्र चुकीचे नाही, चुकीचे आहे ते त्याच्यापुढचे वाक्य. या सूत्रातून जोड्यांची संख्या मिळते, आकार मिळत नाही. मिथेन, अमोनिया आणि पाणी या तिघांनाही ते ४ हेच उत्तर देते, आणि तिघांचे आकार तीन तऱ्हेचे आहेत. झेनॉन टेट्राफ्लोराइड घ्या. ८ आणि ४ मिळून १२, निम्मे ६, म्हणून तुम्ही अष्टफलक (आठ बाजू, सहा कोपरे) लिहून मोकळे व्हाल. पण त्या सहांपैकी दोन लोन पेअर आहेत, त्या एक वर आणि एक खाली अशा समोरासमोर बसतात आणि अणूंचा उरतो तो सपाट चौरस.

काही वर्षांपूर्वी एका तोंडी परीक्षेत मी एका हुशार मुलाला नायट्रोजन डायऑक्साइडचा आकार विचारला. त्याने ओठातल्या ओठात हिशोब केला, नायट्रोजनचे ५, ऑक्सिजन द्विसंयुजी म्हणून त्याचे शून्य, निम्मे अडीच, आणि अत्यंत प्रामाणिकपणे म्हणाला, ‘सर, अडीच जोड्या.’ मी त्याला खडू दिला आणि ठिपके मांडायला सांगितले. तेव्हा नायट्रोजनवर एकटा राहिलेला एक इलेक्ट्रॉन त्याला दिसला. जोडीच्या मानाने एकटा इलेक्ट्रॉन कमी रेटतो, म्हणून तिथला कोन १२० अंशांहून मोठा, सुमारे १३४ अंशांचा होतो, हे मग त्याने स्वतःच ताडले. ते ‘अडीच’ मी अजून विसरलेलो नाही.

आणखी एक अडचण आहे. हायड्रोजन सल्फाइडलाही सूत्र ४ म्हणते, संख्या म्हणून ते बरोबरही आहे. पण मोजलेला कोन सुमारे ९२ अंश आहे. गंधकाचा अणू मोठा आणि इलेक्ट्रॉन ओढण्यात ऑक्सिजनपेक्षा दुबळा असल्यामुळे बंधांच्या जोड्या केंद्रापासून लांब राहतात, त्यांची आपसांतली रेटारेटी कमी होते आणि लोन पेअर त्यांना आणखी जवळ ढकलू शकतात. सिजविक आणि पॉवेल यांनी १९४० साली इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांवरून आकार सांगण्याची कल्पना मांडली आणि गिलेस्पी व नायहोम यांनी १९५७ साली तिला आजचे रूप दिले. मुख्यतः आवर्तसारणीच्या मधल्या रकान्यांतल्या धातूंखेरीजच्या अणूंसाठी उपयोगी पडणारा हा एक अटकळीचा नियम आहे. तो कोणता आकार येईल हे सांगतो, नेमका अंश मात्र प्रयोगातूनच कळतो. एवढे समजून घेऊन सूत्र वापरणार असाल तर माझी हरकत नाही. परंतु ‘दहा सेकंदांत आकार’ अशा मथळ्याची रंगीत पत्रके पैसे मोजून घेण्याआधी, तुमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सरांना किंवा मॅडमना ती एकदा दाखवा. असे प्रश्न तपासून देणे हे त्यांचे कामच आहे आणि त्याची वेगळी फी नसते.

मुलीला रेणूंच्या प्रतिकृतींचा संच घेऊन द्यावा का? दुकानदार म्हणतो, त्याशिवाय हा धडा कळतच नाही. (पालक, अहमदपूर)

दुकानदार दुसरे काय म्हणणार! चार सारख्या आकाराचे फुगे फुगवून त्यांच्या गाठी एकत्र बांधा. न सांगता ते चतुष्फलकाच्या दिशांना जाऊन बसतात, तीन बांधले तर सपाट त्रिकोण होतो. त्याहून चांगले साहित्य तर रानात पडलेले आहे. ज्वारीच्या वाळलेल्या धाटाची साल काढून पोरे ज्यापासून गाडी आणि चष्मा करतात, त्यातल्या पांढऱ्या भेंडाचे तुकडे अणू म्हणून घ्यावेत आणि सालीच्या काड्या बंध म्हणून खोचाव्यात. मिथेनच्या तीन काड्या टेबलावर टेकल्या की चौथी सरळ वर जाते. वहीतल्या अधिकच्या चिन्हासारख्या आकृतीमुळे कोन ९० अंशांचा वाटत होता, तो भ्रम तिथेच फिटतो. सालीची धार पात्यासारखी असते आणि बोट खोलवर कापते, म्हणून ती मोठ्या माणसाने सोलून द्यावी. संच घ्यायचाच असेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो आहे का, हे आधी विचारावे.

गावात एक जण यंत्र विकतो आहे. त्यातून गेलेल्या पाण्याचे रेणू षटकोनी होतात आणि मुतखडा विरघळतो, असे तो सांगतो. हे शास्त्रीय आहे का? (वाचक, केज तालुका)

नाही. पाण्याच्या रेणूत तीनच अणू आहेत, त्यांचा षटकोन होईल कसा? बर्फात रेणूंची मांडणी षटकोनी असते हे खरे. पण द्रवरूप पाण्यात रेणूंना जोडणारे हायड्रोजन बंध सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाएवढ्या, म्हणजे पिकोसेकंदांच्या अवधीत तुटतात आणि पुन्हा जुळतात. त्यामुळे यंत्राने एखादी मांडणी घडवली असे मानले, तरी ती पेल्यापर्यंतही टिकणार नाही. मुतखड्यासाठी डॉक्टरांकडे जा आणि त्यात दिवस घालवू नका, कारण मूत्रमार्ग अडून राहिला तर मूत्रपिंडाला इजा होते. बोअरच्या पाण्याविषयी शंका असल्यास ते जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या. क्षार किती आणि फ्लोराइड किती, हे तिथे आकड्यांत कळेल.

सल्फर टेट्राफ्लोराइडमध्ये लोन पेअर नेमकी कुठे ठेवायची? चाचणी परवा आहे. (विद्यार्थी, वसमत)

हा धडा शिकवून दोन महिने झाले असतील, आणि प्रश्न परवाच्या चाचणीसाठी आला आहे! असो. हे उत्तर छापून येईपर्यंत ती चाचणी होऊन गेली असेल, तरी वार्षिक परीक्षा पुढे आहेच. गंधकाचे ६ आणि चार फ्लोरिनचे ४ मिळून १० इलेक्ट्रॉन, म्हणजे ५ जोड्या. त्यांतल्या तीन मधल्या त्रिकोणात आणि दोन वर-खाली असतात. लोन पेअर वर किंवा खाली ठेवली तर ९० अंशांवर तिला तीन बंध शेजारी येतात, मधल्या त्रिकोणात ठेवली तर दोनच. जिथे दाटी कमी तिथे ती जाते, म्हणून ती त्रिकोणात बसते आणि रेणू बागेतल्या सी-सॉसारखा दिसतो. हे वाचून थांबू नका. क्लोरीन ट्रायफ्लोराइडमध्ये अशा दोन जोड्या आहेत. त्या कुठे बसतील आणि अणूंचा आकार टी या इंग्रजी अक्षरासारखा का होईल, हे ठिपक्यांसह वहीत काढा आणि उद्या सकाळी तासाच्या आधी तुमच्या शिक्षकांना दाखवा.