लग्नाआधी वजन कमी करण्यासाठी गोळ्या किंवा फॅट बर्नर घ्यावेत का?

तुम्ही विचारलंय ते असं : वय २७, उंची ५ फूट २ इंच, वजन ७४ किलो, लग्नाला चार महिने. जिमचा ट्रेनर फॅट बर्नरचा डबा घ्या म्हणतोय, मैत्रीण गार्सिनियाच्या कॅप्सूल सुचवतेय. यातलं सुरक्षित काय?

दोन्ही घेऊ नका. का नको ते नीट सांगतो, कारण नुसतं ‘नको’ म्हटलं तर उद्या तिसरा कुणीतरी तिसरी डबी घेऊन येईल.

मी कराडला मेडिकल चालवतो. बी.फार्म. होऊन काउंटरवर उभा राहिलो त्याला २३ वर्षं झाली. सुरुवातीच्या काळात सिब्युट्रामिन नावाची कॅप्सूल राजरोस मिळायची. डॉक्टर चिठ्ठीवर लिहायचे, मी द्यायचो. १० मिलिग्रॅमची, रोज सकाळी एक. मेंदूला पोट भरल्याचं लवकर वाटायचं, त्यामुळे भूक खरोखर कमी व्हायची. पण पुढची स्ट्रिप न्यायला येणारी माणसं त्याच त्याच तक्रारी सांगायची : तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, छातीत धडधडतं. नंतर हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या सुमारे १० हजार लोकांवरचा मोठा अभ्यास आला. हे औषध घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक, पक्षाघात अशा गोष्टींचा धोका १६ टक्क्यांनी जास्त निघाला. २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून ते गेलं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये आपल्याकडेही बंदी आली. राहिलेल्या स्ट्रिपा मी स्टॉकिस्टला परत केल्या आणि माझ्यापुरता तो विषय संपला असं समजलो.

२०१७ मध्ये माझ्या मावसबहिणीचा फोन आला. वय ३४, दोन मुलं, बीपीचा त्रास कधीच नव्हता. पार्लरमधल्या ओळखीतून तिने पांढरी प्लॅस्टिकची डबी घेतली होती. त्यावर ‘१०० टक्के हर्बल’ आणि हिरवं पान, बस्स. पाच आठवड्यांत सहा किलो उतरले म्हणून ती खुशीत होती. ‘दादा, भूकच मेलीय बघ,’ म्हणाली. मग बोलता बोलता पुढचं आलं. रात्री तीन-तीन वाजेपर्यंत जाग, जीभ टाळ्याला चिकटते, जिना चढला की छातीत धडधड. फोनवर ऐकतानाच माझ्या पोटात गोळा आला, कारण ही यादी मला पाठ होती. संध्याकाळी तिला दुकानात बोलावून बीपी बघितलं तर १५० वर १००, नाडी ११२. तसाच फिजिशियनकडे नेऊन ईसीजी काढला. कॅप्सूल बंद केल्यावर चार दिवसांत नाडी जागेवर आली. तीन-चार महिन्यांत वजनही होतं तिथे आलं.

त्या डबीत काय होतं ते तपासलेलं नाही. घाबरून तिने ती त्याच रात्री कचऱ्यात टाकली. मी ती मागून घेऊन नमुना तपासायला द्यायला हवा होता, याची चुटपुट मला अजून आहे. पण अमेरिकेचं औषध प्रशासन गेली कित्येक वर्षं अशा ‘नैसर्गिक’ कॅप्सूलींची नावं जाहीर करत आलंय, ज्यांच्यात तपासणीत सिब्युट्रामिन सापडलं. काहींत फिनॉल्फ्थॅलिन नावाचं जुनं जुलाबाचं औषधही निघालं. लेबलवर यातलं काहीच नसतं. म्हणून माझा अनुभव ऐका : डबीवर फक्त झाडपाला लिहिलाय आणि दहा दिवसांत भूक मेली, तर ते झाडपाल्याचं काम नव्हे.

आता मैत्रिणीची गार्सिनिया. ही आपल्या कोकमाची सख्खी चुलत बहीण. केरळात माशांच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी. तिच्या सालीतल्या हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लामुळे शरीरात चरबी तयार होत नाही, असा दावा असतो. प्रयोगशाळेत एका एन्झाइमवर ते परिणाम करतं हे खरं. पण १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ लोकांवर १२ आठवडे नीट तपासणी झाली. सगळ्यांना कमी उष्मांकाचं जेवण दिलं, निम्म्यांना हे आम्ल, निम्म्यांना नुसती पोकळ (औषध नसलेली) गोळी. गार्सिनियावाल्यांचं सरासरी ३.२ किलो उतरलं, पोकळ गोळीवाल्यांचं ४.१. म्हणजे जे उतरलं ते जेवणामुळे. शिवाय गार्सिनिया असलेल्या कॅप्सूलींनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी जगभरच्या डॉक्टरांनी केल्या आहेत. (हे वाचून कुणी आमटीतली आमसुलं किंवा सोलकढी सोडू नका. स्वयंपाकातलं प्रमाण आणि कॅप्सूलमधला अर्क यांची तुलनाच होत नाही.)

ट्रेनरच्या डब्यात बहुतेक वेळा भरपूर कॅफिन असतं, एका मात्रेत २००-३०० मिलिग्रॅमसुद्धा. म्हणजे दोन-तीन कप कडक कॉफी एका घोटात. जोडीला ग्रीन टीचा अर्क. चहाचा कप निरुपद्रवी आहे, पण अर्कातलं ईजीसीजी हे द्रव्य दिवसाला ८०० मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की काही लोकांत यकृताची एन्झाइम्स वाढतात (यकृताला त्रास होत असल्याची खूण), असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं. डब्यावरचा एफएसएसएआयचा (आपल्या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) १४ आकडी नंबर दाखवून ‘सरकारमान्य आहे’ म्हणतात. तो नंबर खाद्यपदार्थाच्या परवान्याचा. त्याने वजन उतरतं की नाही हे कुणी तपासलेलं नसतं. त्याच डब्यावर बारीक अक्षरात ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ लिहिलेलं सापडेल, जरूर शोधा. आणि लठ्ठपणा बरा करणारं औषध अशी जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. जे पत्रकावर छापायला बंदी आहे तेच व्हॉट्सॲपवर फिरवलं जातं, याचा मला मनापासून राग येतो.

‘स्लिमिंग चहा’ही कुणीतरी सुचवेलच. त्यात बऱ्याचदा सोनामुखी असते. तिने पोट साफ होतं, काट्यावर किलोभर कमी दिसतं, पण गेलं ते पाणी आणि मळ. रोज घेतली तर शरीरातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ‘थायरॉइडच्या गोळीने बारीक होतात ना, एक पट्टी द्या’ असं म्हणणारेही माझ्याकडे येतात. थायरॉइड नीट असताना ती गोळी घेणं म्हणजे हृदय आणि हाडं दोन्ही पणाला लावणं. मी देत नाही. दुसरीकडे मिळाली तरी तुम्ही घेऊ नका.

मग खरं औषध काहीच नाही का? आहे, पण ते डॉक्टरांच्या हातचं. ऑर्लिस्टॅट १२० मिलिग्रॅम जेवणाबरोबर घ्यायचं असतं. ते जेवणातली साधारण ३० टक्के चरबी पचू देत नाही. न पचलेलं तेल बाहेर पडतंच, आणि कधी कधी बाथरूमपर्यंत पोचायची सवडही देत नाही. वर्षभरात पोकळ गोळीपेक्षा साधारण तीन किलोचाच फरक पडतो. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड ही आठवड्याची इंजेक्शनं २०२५ पासून आपल्याकडे वजनासाठी मिळू लागली आहेत. ती काम करतात यात शंका नाही. सेमाग्लुटाइडच्या मुख्य अभ्यासात ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. पण बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं. तुमच्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे. गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी सेमाग्लुटाइड थांबवावं लागतं, आणि टिर्झेपटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. लग्नाच्या तोंडावर हे सगळं डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलल्याशिवाय त्या वाटेला जायचं नाही.

तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३० च्या आसपास येतो. आपल्या भारतीय शरीरांसाठी २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, त्यामुळे डॉक्टरांकडे जायला तुमच्याकडे चांगलं कारण आहे, लाजू नका. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि साखर तपासून घ्या. पाळी पुढे-मागे होत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना पीसीओडीबद्दल (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) विचारा. आणि मुहूर्तासाठी पाळी पुढे ढकलायची गोळी घ्यायचा विचार असेल तर तोही त्याच भेटीत सांगा. नवऱ्या मुली ती आदल्या आठवड्यात घाईघाईने काउंटरवरून मागतात, ते बरोबर नाही.

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. रोज ५०० ची तूट काढली तर आठवड्याला अर्धा किलोच्या आत-बाहेर उतरतं. चार महिन्यांत सहा-सात किलो. तुम्हाला कमी वाटेल, पण ब्लाउजचं माप बदलायला तेवढं पुरतं. मी चहापासून सुरुवात करायला सांगतो. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी तिथेच. रात्रीचा भात निम्मा करून उसळ वाढवा, आणि ४५ मिनिटं चाला. ट्रेनरकडून वजन उचलायला जरूर शिका, तेवढं तो चांगलं शिकवेल. खरी कसोटी केळवणांची. मावशी, आत्या, मामी सगळ्या श्रीखंड-पुरी घेऊन बसलेल्या असणार. केळवणाला जा, प्रेमाने जेवा, पण आठवड्यात एकच घ्या आणि ‘दुपारचंच ठेवा’ म्हणून सांगा. रात्रीचं हलकं करता येतं.

आणि समजा ट्रेनरचा डबा आधीच सुरू केला असेल, तर आजपासून थांबवा. धडधड, चक्कर, डोळ्यांत किंवा लघवीला पिवळेपणा, उजव्या कुशीत दुखणं यातलं काहीही असेल तर डबा सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जा. माझ्या बहिणीसारखा तो फेकून देऊ नका. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद १८००-१८०-३०२४ या सरकारी टोल-फ्री नंबरवर करता येते, अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयातही तक्रार देता येते. डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो इथे खाली टाकलात तर त्यातला एकेक घटक वाचून सांगतो. दुकान रात्री साडेनऊला बंद होतं, त्यानंतर निवांत उत्तर देईन.