४५ पौंडी रिकर्व्ह धनुष्यावर डियर हंटिंगसाठी ४०० स्पाइनचे बाण चालतील का? कोणत्या कंपनीचे घेऊ?

नाही चालणार. तुमची खेच (दोरी ओढण्याची लांबी) २८ इंचांची आणि दोरी बोटांनी सोडता, असं लिहिलंय. मग ५०० घ्या (स्पाइनचा आकडा जितका मोठा तितका बाण नरम), आणि दुकानात कापून घेऊ नका. कंपनी दुय्यम आहे.

खरं तर एवढंच लिहून थांबणार होतो. पण "कडक बाण कधीही बरा, पुढे पौंड वाढवाल तेव्हा उपयोगी पडेल" असं दुकानदार म्हणाला, हे तुमच्या प्रश्नात वाचलं आणि राहवलं नाही. सहा वर्षांपूर्वी इथे पेनसिल्व्हेनियात मलाही अगदी हेच सांगून ४०० चे डझनभर बाण दिले होते. २९ इंचांवर कापलेले, पुढे १०० ग्रेन वजनाचं टोक. धनुष्य तुमच्यासारखंच, ४५ पौंडी.

बॅकयार्डात १५ यार्डांवरून सगळे बाण चार बोटं डावीकडे लागायचे. मोठी पिसं बाणाला वाटेत कसंबसं सरळ करतात, त्यामुळे दुखणं लपून राहतं. मी चार बोटं उजवीकडे नेम धरायला लागलो. माझे मेहुणे माझ्या कितीतरी आधीपासून शिकार करतात. ते म्हणायचे, "दाजी, बाण चुकत नसतो, हात चुकतो. बोटं सैल सोडा." अख्खा उन्हाळा मी बोटं सैल सोडत होतो.

ऑक्टोबरात संध्याकाळी एक मादी १८ यार्डांवर आली. आडवी उभी, तोंड उजवीकडे. बाणाला आता ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचं धारदार पात्यांचं टोक होतं. ब्रॉडहेडची पाती हवेत सुकाणूसारखी वागतात, तिरका निघालेला बाण त्यांच्यामुळे आणखी भरकटतो. नेम खांद्याच्या मागे होता, बाण पोटात लागला. आरपार गेलेला तो बाण पानांत सापडला तेव्हा पिसांवर लाल रक्त नव्हतं, हिरवट-तपकिरी घाण होती आणि तिला आंबूस वास येत होता. अशा जनावराच्या मागे लगेच जायचं नसतं, म्हणून सकाळपर्यंत थांबलो. रात्री पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत शोधलं. ती सापडली नाही. ब्रॉडहेड लावून आधी सराव केला नव्हता, ही चूक माझी. पण बाण चुकीचा होता, हेही तितकंच खरं.

बाणावरचा आकडा काय सांगतो? २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर तो ठेवून मधोमध १.९४ पौंड वजन टांगलं की अर्धा इंच वाकला तर ५००, ०.४ इंच वाकला तर ४००. बस. तुम्ही तो किती लांब ठेवणार, टोक किती जड लावणार, हे त्या आकड्यात नाही. लांबी किंवा टोकाचं वजन वाढलं की तोच बाण नरम वागतो. बोटांनी सोडलं की बाणाला धनुष्याच्या मुठीला वळसा घालण्यापुरतं वाकावंच लागतं. फार कडक असेल तर तो वाकत नाही, डावीकडे फेकला जातो.

त्या हिवाळ्यात मी न कापलेले ५०० आणले, १७५ ग्रेनचं टोक लावलं, तीन बाण पिसं लावलेले आणि तीन बिनपिसांचे. बिनपिसांचे उजवीकडे लागले, म्हणजे नरम. मागच्या टोकाकडून पाव-पाव इंच कापत गेलो आणि एका दुपारी सहाही बाण तळहाताएवढ्या जागेत रुतले. बोटं तीच होती.

हे सगळं उजव्या हाताने मारणाऱ्यांसाठी, डावखुऱ्यांना उलटं धरावं लागेल. कंपाउंडवर (चाकांच्या धनुष्यावर) रिलीज, म्हणजे दोरी सोडायचं साधन, वापरत असाल तर बाण आडवा कमी वाकतो, तिथे हा हिशेब वेगळा. फार नरम बाण मात्र चालवू नका, तो सोडताना तुटून हातात घुसू शकतो. आणि हो, खराब सुटकेनेही बाण डावीकडे जातो, ते मेहुण्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. म्हणूनच बिनपिसांचा बाण मारायचा, एकाच दिवशी, दोन्ही स्पाइनचे. ५०० सरळ गेला आणि ४०० डावीकडे, तर हाताला दोष देता येत नाही. (भारतातून कोणी वाचत असेल तर: १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार तिथे हरणाची शिकार गुन्हा आहे, तिथे फक्त टार्गेट.)

दुकानदार "हात सुधारा" म्हणाला, तर ही चाचणी त्याच्यासमोर करा. मी मेहुण्यांना तीनदा बॅकयार्डात बोलावलं. ते अजून आलेले नाहीत.