चित्र काढतो, खोडतो आणि शेवटी कागदच फाडतो

"मॅडम, आधी वह्याच्या वह्या भरायचा हो. आता दोन रेघा काढतो, खोडतो, परत काढतो, परत खोडतो, मग कागद चुरगळून फेकतो आणि रडतो की मला येतच नाही." आठ वर्षांच्या मुलाची आई सांगत होती. क्लास लावू की सोडून देऊ, हा तिचा प्रश्न. वेगवेगळ्या शब्दांत हे इतके पालक विचारतात की म्हटलं एकदा नीट लिहावं. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

आधी एक सांगते, आठ-नऊच्या आसपास बऱ्याच मुलांचं असं होतं. लहानपणी एक गोल आणि दोन काड्या काढल्या की झाला बाबा, त्यात शंकाच नसते. मग नजर तयार होते, आपला घोडा घोड्यासारखा दिसत नाहीये हे कळायला लागतं, पण हात अजून तेवढा तयार नसतो. या मधल्या काळात कितीतरी मुलं पेन्सिल खाली ठेवतात ती ठेवतातच, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं.

पहिल्या भेटीत मी त्याला चित्र काढ असं म्हटलंच नाही. एक कागद, दोन पेन्सिली, खोडरबर नाही. मी डोळे मिटून एक वेडीवाकडी रेघ ओढली आणि म्हटलं, यातून काहीतरी कर. "काय करू?" "मला तर नुसती रेघच दिसतेय, तूच बघ." त्याने कागद उलटा केला, बराच वेळ बघत बसला, मग एक डोळा काढला आणि म्हणाला, हा साप आहे, त्याला सर्दी झालीये. मग त्याने माझ्यासाठी मुद्दाम अवघड रेघ ओढली. मी तिचा बूट केला तर म्हणतो, हा बूट नाहीये, विमान आहे, आणि पंख लावून मोकळा. तासाभरात नऊ कागद भरले, एकही फाटला नाही.

हा खेळ माझा नाही. डोनाल्ड विनिकॉट नावाचे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक (१८९६–१९७१) मुलांशी पहिल्या भेटीत बोलणं सुरू व्हावं म्हणून तो खेळायचे. एक रेघ त्यांची, एक मुलाची, आलटून पालटून. यात ताण का जातो, तर रेघ आपली नसते आणि समोर 'बरोबर' असं चित्रच नसतं, मग चुकणार कशात?

पण खरी गोम तिसऱ्या भेटीत कळली, बाबा आले तेव्हा. बाबांचा हात फार सुंदर. मुलगा रेघेतून कुत्रा करत होता आणि बाबा पटकन म्हणाले, "अरे पाय असे नसतात, थांब दाखवतो." मी मुलाकडे बघत होते, त्याचे खांदे लगेच वर गेले आणि पेन्सिल थांबली. बाबा हे प्रेमानेच करत होते, त्यांना दोष देणं मला पटत नाही. मी फक्त म्हटलं, आता तुम्ही डाव्या हाताने काढा, डोळे मिटून. त्यांचं मांजर बटाट्यासारखं झालं आणि मुलगा इतका हसला, इतका हसला की बाहेर बसलेली आई आत डोकावली.

मग घरी रोज पंधरा मिनिटं खेळायचं ठरलं. तोच खेळ रोज नको म्हणून घडीचा खेळ दिला, म्हणजे कागदाला दोन घड्या घालून तीन भाग करायचे, एकाने डोकं काढायचं आणि ते झाकून फक्त मानेच्या दोन रेघा खाली येऊ द्यायच्या, दुसऱ्याने धड, तिसऱ्याने पाय, मग उघडायचं. आणि ज्या दिवशी काहीच काढावंसं वाटत नाही त्या दिवशी ठिपक्यांचा. जॉन कॉनवे आणि मायकेल पॅटरसन या दोघा गणितज्ज्ञांनी १९६७ मध्ये केंब्रिजला तयार केला, इंग्रजीत त्याला स्प्राउट्स म्हणतात. तीन ठिपके द्यायचे, दोन ठिपके रेघेने जोडायचे (किंवा रेघ फिरवून त्याच ठिपक्याला आणायची) आणि त्या रेघेवर एक नवा ठिपका द्यायचा. रेघा एकमेकींना कापायच्या नाहीत, एका ठिपक्याला तीनच्या वर रेघा नाहीत, ज्याला रेघ काढता येत नाही तो हरला. तीन ठिपक्यांचा डाव जास्तीत जास्त आठ चालींत संपतो. रेघ कितीही वाकडी चालते, म्हणून तर तो मला आवडतो.

पालकांना दोन गोष्टी कळकळीने सांगितल्या. "वा, किती सुंदर!" कमी करा, कारण मग पुढचंही सुंदरच यायला हवं असं मूल धरून चालतं, त्यापेक्षा "मग या सापाचं पुढे काय झालं?" विचारा. आणि चित्रात अर्थ शोधू नका, काळा रंग वापरला म्हणजे मूल दुःखी असं काही नसतं. मात्र लिहितानाही हात दुखत असेल, पेन्सिल धरताच येत नसेल किंवा रडणं चित्रापुरतं न राहता झोप, जेवण, शाळा यात पसरलं असेल, तर खेळावर थांबू नका, तज्ज्ञांना दाखवा.

दोन महिन्यांनी तिघं परत आले. फाडणं पूर्ण बंद नाही झालेलं, पण आठवड्यात एखाद वेळी. बाबांनी विचारलं, आता क्लास लावू का? मी म्हटलं, त्यालाच विचारा की. तो कागदावर ठिपके देत होता, मान वर न करता म्हणाला, "नको, आधी बाबांचा डावा हात सुधारू दे."