वाचक विचारतात : प्रदर्शन कुणासाठी लावायचं?

प्रश्न : ताई, मी जळगाव जिल्ह्यातल्या एका फाइन आर्ट कॉलेजात पेंटिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमचं वार्षिक प्रदर्शन दोन दिवसांचं असतं. पहिला दिवस पाहुण्यांची वाट बघण्यात, फीत, सत्कार न भाषणं यातच जातो, दुसऱ्या दिवशी दुपारीच चित्रं उतरवायला सांगतात. गावातलं कोणी येतच नाही. वर्षभराचं काम गुंडाळून घरी न्यायचं, फार वाईट वाटतं. – एक विद्यार्थिनी, भुसावळ

उत्तर : वाईट वाटणारच बेटा. प्रदर्शन पाहुण्यांचं झालंय, पोरांच्या कामाचं राहिलं नाही, हे मी बऱ्याच ठिकाणी बघते आणि मनापासून राग येतो. पण प्राचार्यांकडे नुसती तक्रार घेऊन जाऊ नका. चार-पाच जणं मिळून लेखी मागणी द्या, की उद्घाटन तुम्हाला हवं तसं करा पण प्रदर्शन निदान आठ दिवस राहू द्या, म्हणजे त्यात रविवारही येईल न आठवडे बाजारही, आणि वेळ संध्याकाळी ९ पर्यंत ठेवा, कारण दुकानदार, शेतकरी, नोकरीवाले दिवसा कुठून येणार?

मांडणी मात्र तुम्हीच हातात घ्या. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५ फुटांवर, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेसमोर यायला हवा, एकावर एक रांगा लावल्या की वरची रांग कोणी बघत नाही. काच लावली असेल तर समोर उभं राहून बघा, ट्यूबलाइट त्यात चमकत असेल तर माणसाला चित्राऐवजी ट्यूबच दिसते. खाली मराठीत चिठ्ठी लावा, नाव, गाव, माध्यम (जलरंग की तैलरंग वगैरे), आकार. गाव लिहाच, यावलच्या माणसाला यावलच्या पोराचं चित्र दिसलं की तो थांबतो. आणि प्रत्येक भिंतीपाशी तुमच्यातलं एक जण उभं पाहिजे, हे असं का केलं ते साध्या भाषेत सांगायला, अहिराणीत सांगितलं तर आणखीच चांगलं.

इकडच्या लोकांना चित्रातलं काय कळतं असं कोणी म्हटलं तर त्यांना फैजपूरची आठवण द्या. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला झालं आणि त्याच्या सजावटीसाठी गांधीजींनी थेट शांतिनिकेतनच्या चित्रकार नंदलाल बोसांना बोलावलं होतं. गावात मिळेल त्याच सामानातून, बांबू वगैरे वापरून, सगळं उभं करायचं असा आग्रह होता, आणि ते त्यांनी करून दाखवलं. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेस अधिवेशनासाठीची त्यांची पोस्टर्स पोरांना माहीत असतात, पण त्याआधीचं हे काम आपल्या केळीच्या पट्ट्यात झालंय हे वर्गात कितीजण सांगतात? मला याची फार खंत वाटते.

प्रश्न : मुलीला बीएफए (फाइन आर्टची पदवी) करायचंय. नातेवाईक म्हणतात चित्रं काढून पोट भरतं का. कॉलेज कसं निवडायचं? – एक पालक, चाळीसगाव

उत्तर : दादा, बीएफए चार वर्षांची पदवी आहे, प्रवेशासाठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा असते, त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कलेचं सामान्यज्ञान येतं, तेव्हा बारावीतच सराव सुरू करायला लावा. पैसा हळूहळू येतो हे खरंय, रंग-कॅनव्हासचा खर्चही बराच होतो, ते आधीच धरून चाला. अप्लाइड आर्ट म्हणजे जाहिरात-डिझाइनवाल्यांना काम लवकर मिळतं, पण मुलीचा ओढा पेंटिंगकडे असेल तर तेवढ्यासाठी तिला तिकडे ढकलू नका.

कॉलेजचं माहितीपत्रक बघण्यापेक्षा त्यांचं वार्षिक प्रदर्शन बघायला जा. सगळ्यांची चित्रं एकाच सरांच्या हातची वाटत असतील तर तिथं पोरांना स्वतःचं काही करू देत नाहीत असं समजा. कायमचे शिक्षक किती, चित्र काढायला समोर मॉडेल म्हणून माणूस बसवतात का, लायब्ररी उघडी असते का, हे शेवटच्या वर्षाच्या पोरांना विचारा, ती खरं सांगतात. आणि त्याआधी मुलीला स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांच्या घरी, म्हणजे आताच्या संग्रहालयात, घेऊन जा. टेबलावर वस्तू मांडून अख्खं निसर्गदृश्य उभं करायचं आणि त्याचा फोटो काढायचा, हे त्या माणसाने तुमच्याच गावात बसून केलंय.

प्रश्न : आमची स्टडी टूर दरवर्षी अजिंठ्याला जाते, पण दोन तासांत सगळ्या लेण्या उरकतात. काय शिकणार त्यात? – एक विद्यार्थी, जळगाव

उत्तर : काहीच नाही. जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी १८७२ पासून तिथं वर्षानुवर्षं भित्तिचित्रांच्या नकला करत होते (त्यातल्या कितीतरी १८८५ मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या), आणि आपण तासाभराच्या रस्त्यावर राहून सेल्फी काढून परत येतो! सरांना सांगा, एकच लेणं द्या, पण पूर्ण दिवस द्या. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात सगळे पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रापुढे गर्दी करतात, तू छताकडे बघ. चौकोनाचौकोनात कमळं, फळं, पक्षी आहेत, त्यातला एकच चौकोन वहीत उतरव. प्रकाश मंद असतो, डोळे सरावायला दहा मिनिटं जाऊ दे, मग रंग उलगडायला लागतात. निळा कुठं दिसला तर थांब, बाकीचे बहुतेक रंग आसपासच्या माती-दगडांतून मिळाले पण निळ्यासाठी लाजवर्द हा निळा दगड लांबून आणावा लागला, म्हणून तो कुठं वापरलाय ते बघण्यासारखं आहे. फ्लॅश मारू नको, आणि सोमवारी लेणी बंद असतात, तारीख ठरवताना तेवढं बघा.

प्रश्न : विद्यापीठाच्या युवारंग महोत्सवात स्पॉट पेंटिंग (तिथंच मिळालेल्या विषयावर ठरलेल्या वेळात चित्र काढायची स्पर्धा) माझं कधीच पूर्ण होत नाही. – एक विद्यार्थी, नंदुरबार

उत्तर : अडीच तास आणि २२ बाय १५ इंचाचा कागद, एवढ्यात बारकाव्याला वेळ नसतोच. विषय मिळाला की लगेच रंग उघडू नको, आधी काडेपेटीएवढी तीन-चार रफ काढ, त्यातलं एक पक्कं कर. पहिल्या तासात अख्खा कागद रंगाने झाकला गेला पाहिजे, मग चेहरे न हात. पांढरा कागद जागोजागी तसाच राहिला की परीक्षकाला काम अर्धवटच वाटतं. घरी घड्याळ लावून त्याच मापाच्या कागदावर सराव कर, आणि कागद तिथं देतात पण ब्रश-रंग आपलेच न्यावे लागतात, तेव्हा नवा ब्रश त्याच दिवशी पहिल्यांदा वापरू नको.