यॉर्क डोंगरावर जातो, तिथे थांबवा

टेनेसीमधून एका आईचं पत्र आलंय. लांब आहे, म्हणून महत्त्वाचं तेवढं देते.

"ताई, आमचा मुलगा दहा वर्षांचा. त्याच्या मित्राच्या आईने त्याला एक ऑडिओ नाटक ऐकायला दिलं, पहिल्या महायुद्धातल्या सार्जंट ॲल्विन यॉर्कवरचं. ते काही ख्रिस्ती मंडळींनी केलेलं आहे, त्यामुळे मधूनमधून प्रार्थना, बायबलमधली वचनं, चर्चमधली गाणी आहेत. शाळेत नेता-आणताना गाडीत आम्ही ते सगळं ऐकलं आणि आता घरात ज्याचं त्याचं वेगळं मत आहे. मुलगा रात्रंदिवस यॉर्क यॉर्क करतोय. ह्यांचं म्हणणं, हा गोष्टीच्या आडून केलेला धर्मप्रचार आहे, बंद करून टाक. मोठी मुलगी पंधराची आहे. ती विचारते, एवढी माणसं मारणाऱ्याला देवभक्त कसं म्हणायचं? सासरे फौजेतून निवृत्त झालेत, सध्या आमच्याकडे आहेत. ते म्हणाले, नाटक चांगलं आहे, पण लढाई अशी नसते, आणि गप्प बसले. परवा झोपताना मुलाने विचारलं, 'आई, आपण तर चर्चमध्ये जात नाही. मग आपल्याला असा धीर कुठून येणार?' मला काही सुचेना. 'झोप आता' म्हटलं. काय सांगायला हवं होतं?"

त्याला सांगायचं उत्तर यॉर्कच्या गोष्टीतच आहे. म्हणून नाटक बंद करायच्या आधी ती गोष्ट नीट बघू.

यॉर्कचा जन्म 1887 चा, तुमच्याच राज्यातल्या पॉल मॉल या डोंगरी गावचा. लाकडी ओंडक्यांचं घर, अकरा भावंडं, शाळा जेमतेम काही महिने. नेमबाजीत मात्र हात धरणारं कोणी नाही. ऐन तारुण्यात दारू आणि मारामाऱ्या यांत दिवस गेले. एक जवळचा मित्र अशाच भांडणात जिवाला मुकला. 1915 च्या सुरुवातीला चर्चच्या सभांना जाता जाता हा माणूस पालटला आणि दारू सुटली ती कायमची सुटली. 1917 मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि सक्तीची भरती सुरू झाली. भरतीच्या कागदावर सूट मागायच्या जागी त्याने लिहिलं की मला लढायचं नाही. त्याने रीतसर अर्जही केले, पण ते फेटाळले गेले. सूट होती ती ठरावीक शांततावादी पंथांना, आणि याचं छोटंसं चर्च त्यात धरलं गेलं नाही.

म्हणजे बघा, श्रद्धेने यॉर्कला आधी दिली ती अडचण. बंदूक तर सगळ्यांपेक्षा चांगली चालवता येते, पण माणसावर झाडायला मन तयार होत नाही. जॉर्जियातल्या छावणीत त्याने हे वरिष्ठांना सरळ सांगितलं. कॅप्टन डॅनफर्थ आणि मेजर बक्स्टन यांनी त्याला भित्रा म्हटलं नाही, शिक्षाही केली नाही. बायबल समोर ठेवून ते त्याच्याशी बोलत बसले. त्याने एक वचन काढायचं, त्यांनी दुसरं. शेवटी त्याला रजा देऊन घरी पाठवलं. घरी आल्यावर तो डोंगरावर एकटा जाऊन प्रार्थना करत बसला, आणि मग लढायला जायचं ठरवून छावणीत परतला.

पुढचं तुमच्या मुलाला पाठ असणार. 8 ऑक्टोबर 1918, फ्रान्समधलं आर्गोनचं जंगल. सतरा जणांची तुकडी मशिनगनच्या माऱ्यात सापडली. सहा जण जागीच गेले, तीन जखमी झाले. नेतृत्व तेव्हा कॉर्पोरल असलेल्या यॉर्कवर आलं आणि दिवस संपेपर्यंत 132 जर्मन सैनिक कैदी म्हणून मागे आणले गेले. यासाठी त्याला मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं.

अशी नाटकं आमच्या घरातही लांबच्या प्रवासात पुष्कळ वाजली आहेत. डोंगरावरचा भाग सहसा पाच-सात मिनिटांत उरकतो. थोडा वारा, एखादा पक्षी, पुटपुटलेली प्रार्थना, की वाद्यं चढतात आणि आपण फ्रान्सच्या वाटेला लागतो. लढाईला मात्र सगळं कसब लागलेलं असतं. गोळी उजव्या कानाजवळून सूं करून जाते, चिखलात पाय रुततो, कोणीतरी आईला हाक मारतं. दहा वर्षांच्या मुलाच्या मनात काय राहणार हे उघड आहे. म्हणून माझा पहिला आग्रह एवढाच की यॉर्क डोंगरावर जातो तिथे नाटक थांबवा. गाडी घरासमोर उभी असली तरी उतरायची घाई करू नका. मुलाला विचारा, "तू त्याच्या जागी असतास तर काय केलं असतंस?" आणि त्याचं उत्तर काहीही आलं तरी दुरुस्त करायला जाऊ नका.

इथे आपल्या घरांत हमखास एक गोष्ट होते. मोठ्यांपैकी कोणीतरी लगेच म्हणतं, "यात काय नवीन, आपला अर्जुन आहेच की!" मला गीता प्रिय आहे, तरीही सांगते, निदान पहिल्या दिवशी अर्जुनाला आणू नका. यॉर्कची गोष्ट चालू असताना आपली गोष्ट पुढे केली की मुलाला वाटतं इथे स्पर्धा लागली आहे. त्याला आवडलेला माणूस आपण बाजूला सारतोय, एवढंच त्याला कळतं. दोन-चार आठवड्यांनी अर्जुन आपोआप निघेल. तेव्हा जरूर बोला, आणि फरकासकट बोला. अर्जुनाला समोर उत्तर देणारा होता. यॉर्कला कॅप्टनने रजा दिली आणि ठरवायचं त्याच्यावर सोडलं.

आता तुमच्या यजमानांबद्दल. त्यांची काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. नाटक करणाऱ्यांना आपली श्रद्धा ऐकणाऱ्यांपर्यंत पोचवायची असते आणि ते हे लपवत नाहीत. मुलालाही ते तसंच सांगा: "हे नाटक ज्यांनी केलंय, त्यांचा येशूवर विश्वास आहे आणि तो तुझ्यापर्यंत पोचावा असं त्यांना मनापासून वाटतं." हे एकदा मोकळेपणी सांगितलं की मूल कान उघडे ठेवून ऐकतं. बंदी घातली तर ते मित्राच्या घरी ऐकेल, आणि तिथे थांबवून विचारणारं कोणी नसेल. आवाजाच्या नाटकात हा धोका जास्त असतो. समोर चित्र नसतं, चेहरे मूल स्वतः रंगवतं, आणि निवेदकाचा भारदस्त आवाज म्हणेल ते त्याला खरंच वाटतं. निवेदक म्हणाला की देवाने त्या दिवशी यॉर्कच्या हाताला बळ दिलं, की थांबवून विचारा, हे यॉर्क म्हणतोय की नाटक लिहिणारे म्हणतायत? यॉर्कची स्वतःची तशी श्रद्धा होती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

आणि यजमानांना आणखी एक. ख्रिस्ती धर्म म्हणजे केवळ शेजारच्या अमेरिकन कुटुंबाचा, असं मुलांच्या मनात बसू देऊ नका. पंडिता रमाबाईंनी केडगावला राहून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले. आमच्या ओळखीच्या एका मराठी ख्रिस्ती आजींनी हेच नाटक नातवाबरोबर ऐकलं. त्यांना गाणी फार आवडली. पण देव एकाच सैन्याच्या बाजूने उभा असल्यासारखं वाटतं, हे त्यांना खटकलं. मग त्यांनी आपलं जुनं, कडा झिजलेलं पवित्र शास्त्र, म्हणजे मराठी बायबल, काढलं आणि त्यातल्या देवाच्या दहा आज्ञांवर बोट ठेवलं. "खून करू नको." यॉर्क वाचायचा त्या इंग्रजी बायबलमधला शब्द याहून व्यापक आहे, त्यात कोणालाही ठार मारणं येतं. आजी नातवाला म्हणाल्या, "मारणं आणि खून, दोन्ही एकच का रे?" पोरगा बराच वेळ विचार करत होता. यॉर्क त्या डोंगरावर ज्यात अडकला होता ती गाठ त्या मुलाच्या हाती आली, तीही मराठीतून. तुमच्या मुलीपुढे हा प्रश्न ठेवून बघा.

सगळ्या मतांमध्ये मला सर्वांत जवळचं वाटलं ते तुमच्या मुलीचंच. तिला 'ते युद्ध होतं, तिथे तसंच असतं' असं म्हणून वाटेला लावू नका. ती विचारतेय तेच यॉर्कने स्वतःला विचारलं होतं. त्याच्या प्रसिद्ध झालेल्या आठवणींत आहे की दुसऱ्या दिवशी तो त्या जागी परत गेला, कोणी जखमी राहिलंय का ते पाहिलं आणि मेलेल्यांसाठी प्रार्थना केली, जर्मनांसाठीही. नाटकात हा प्रसंग गाळला असेल तर तो तुम्ही सांगा. तिला हेही सांगा की त्या तुकडीतले बाकीचे वाचलेले सैनिकही त्या दिवशी तिथेच होते, आणि सगळं श्रेय एकट्या यॉर्कला गेलं अशी त्यांच्यातल्या काहींची पुढे तक्रार होती. तुकडीचा प्रमुख बर्नार्ड अर्ली त्या लढाईत गंभीर जखमी झाला होता. त्याच्या शौर्याची दखल सरकारने घेतली ती थेट 1929 मध्ये. नाटकाला एक नायक लागतो, त्यामुळे अर्लीसारखे लोक दोन-तीन वाक्यांपुरते येतात.

तिला आणखी एक माणूस भेटवा. डेसमंड डॉस, व्हर्जिनियाचा, तोही निष्ठावंत ख्रिस्ती. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात गेला, पण बंदूक हातात घेणार नाही म्हणाला आणि जखमींची सेवा पत्करली. बरोबरच्या सैनिकांनी त्याला खूप छळलं. मे 1945 मध्ये जपानच्या ओकिनावा बेटावरच्या कड्यावरून त्याने जखमी सैनिकांना दोराने एकेक करून खाली सोडलं. तो स्वतः म्हणायचा पन्नास असतील, इतर म्हणायचे शंभर, शेवटी सन्मानपत्रात 75 लिहिलं गेलं. त्यालाही मेडल ऑफ ऑनर मिळालं. तीच आज्ञा दोघांनी वाचली आणि दोघं वेगवेगळ्या वाटांनी गेले. भावाबहिणीला यावर भांडू द्या, तासभर भांडले तरी चालेल.

सासऱ्यांचं मत एका वाक्याचं आहे, पण ते वाक्य मोलाचं आहे. "लढाई अशी नसते" म्हणून जो माणूस गप्प बसतो, त्याच्याजवळ सांगण्यासारखं काहीतरी असतं आणि न सांगण्यासारखंही. मुलाला आधीच बजावून ठेवा की आजोबांना "तुम्ही किती मारले" असं कधीही विचारायचं नाही. थंडी कशी असायची, घरचं पत्र किती दिवसांनी यायचं, रात्री पहाऱ्यावर जागं कसं राहायचं, हे विचारू दे. मग आजोबांना हवं तिथपर्यंतच ते बोलतील. त्यांना एक गोष्ट जरूर सांगा. यॉर्क ज्यांच्याशी लढला त्या जर्मन सैन्यातल्या पुष्कळ सैनिकांच्या कमरपट्ट्याच्या बकलवर कोरलेलं असायचं, 'देव आमच्यासोबत आहे'. मला वाटतं, यावर तुमच्या मुलाशी बोलायला त्यांच्याइतका योग्य माणूस घरात नाही.

आणि आता मुलाचा रात्रीचा प्रश्न. हुकलेला क्षण परत आणता येत नाही असं समजू नका. दहा वर्षांची मुलं असा प्रश्न विसरत नाहीत. आज रात्री दिवा मालवल्यावर तुम्हीच काढा. म्हणा, "परवा तू विचारलंस ना, धीर कुठून येणार? मी विचार केला. यॉर्कला तो त्याच्या प्रार्थनेतून आला, असं तो सांगतो, आणि मी त्याचं ऐकते. पण एक बघ, गोळी झाडायच्या आधी त्याने धीर दाखवला होता. सगळे लढायला निघाले असताना तो म्हणाला, मला हे पटत नाही, मला विचार करू दे. आपल्या आजोबांनी वेगळ्या देवाचं नाव घेतलं, पण रात्रभर पहारा केलाच." आजोबांचं उदाहरण त्यांना विचारूनच द्या. "आपल्यातही असे वीर आहेत" ही यादी इथे सुरू करू नका. तो यादी मागत नाहीये. तो विचारतोय की माझ्यात काही कमी आहे का. नाही, हे त्याला तुमच्या आवाजात ऐकायचंय.

एक साधी सूचना. हे नाटक झोपायच्या वेळी हेडफोनवर देऊ नका. लढाईचे भाग उजेडी, गाडीत, तुमच्या सोबतीने ऐकलेले बरे.

मित्राच्या आईला काय सांगू, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. खरं तेच सांगा. नाटक आम्ही सगळ्यांनी ऐकलं, मुलाला यॉर्क फार आवडला, आमच्या घरची श्रद्धा वेगळी आहे, तरी डोंगरावरच्या भागावर आम्ही खूप बोललो. तिने पुढचं चर्चच्या शिबिराचं बोलावणं दिलं आणि तुम्हाला नको असेल, तर आभार मानून नाही म्हणा. कारणं शोधत बसू नका. तिने प्रेमाने आवडती गोष्ट दिली, तुम्ही आदराने ऐकली. मैत्रीला यात काही धक्का नाही.

आणि तुम्ही तर टेनेसीतच राहता. पॉल मॉलला यॉर्कचं घर आणि वुल्फ नदीकाठची त्याची पिठाची गिरणी राज्याने जपून ठेवली आहे. जवळच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. युद्धावरून आल्यावर जाहिरातवाले पैसे घेऊन मागे लागले होते, त्यांना त्याने नकार दिला. आपल्या डोंगरातल्या मुलांसाठी जेम्सटाउनला शाळा काढण्यासाठी तो वर्षानुवर्षं खपला. ती शाळा आजही चालू आहे. पोरांना हा भाग तिथेच सांगा. एखाद्या शनिवारी सगळे जा. सासऱ्यांना पुढच्या सीटवर बसवा, आणि डोंगर दिसायला लागले की नाटकातला तो पाच-सात मिनिटांचा भाग पुन्हा लावा.